सायकलीचं तिकीट

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या मुलाला नागपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आम्ही राहतो कोल्हापुरात. म्हणजे पोराला राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं होतं. बॅगा भरून झाल्या, वळकटी बांधून झाली, लोणच्याची बरणीसुद्धा कापडात गुंडाळून झाली. राहिली ती सायकल.

त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "भावजी, हितं दोन हजाराला मागत्यात. देऊन टाकू का? तिकडं न्यायचा खर्च सायकलीपेक्षा जास्त व्हायचा." मुलगा मागे दारात उभा होता. तो काही बोलला नाही. पण तो नववीत असताना त्याच्या वडिलांनी बोनसमधून ती सायकल घेतली होती, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी त्या माउलीला म्हटलं, "वहिनी, दोन दिवस थांबा. आधी हिशेब करू." तोच हिशेब आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे. कारण हा प्रश्न फक्त त्या मुलाचा नाही. शिकायला बाहेर पडणारी मुलं, बदली झालेले नोकरदार, सुट्टीत सायकलवरून कोकण किंवा कन्याकुमारी गाठणारी मंडळी, या सगळ्यांना कधी ना कधी तो पडतोच. सायकल चालवत कुठंही जाता येतं. पण सायकल घेऊन दूर कसं जायचं, आणि तेही खिशाला परवडेल असं, हे कुणी नीट सांगत नाही.

सायकल विकताना तिची किंमत एक असते आणि तशीच पुन्हा घ्यायला गेलं की दुसरी असते. दोन हजाराला गेलेल्या सायकलीसारखी सायकल नागपुरात नवी घ्यायची तर त्याच्या कितीतरी पट पैसे लागले असते. न घ्यावी तर वसतिगृह ते कॉलेज हे रोजचं रिक्षाचं भाडं आलं. तेव्हा तुलना करायची ती या पैशांशी. जुन्या बाजारात सायकलीला काय येतं, याच्याशी नाही.

आता खर्च. यात माझी स्वतःची एक फजिती आधी सांगतो. २०१७ साली आम्ही चार मित्र कोल्हापूरहून कन्याकुमारीला सायकलवर गेलो होतो. बाराशे किलोमीटरांच्या वर रस्ता. पोहोचलो आनंदात. परत येताना मात्र सगळे थकलेले. तिथल्या कुणीतरी सांगितलं, की मालवाहतूक करणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे सायकली टाका, सगळ्यांत स्वस्त पडेल. खरोखरच भाडं अगदी थोडं होतं. आम्ही चारही सायकली जशाच्या तशा त्याच्या गोदामात उभ्या केल्या, पावती खिशात घातली आणि रेल्वेने निघून आलो. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, माल मालकाच्या जोखमीवर. ते आम्ही घरी आल्यावर वाचलं.

सायकली अकराव्या दिवशी आल्या. त्याही गावाबाहेरच्या गोदामात. एकीचं चाक आउट झालेलं, दुसरीचा मागचा गिअर आत वाकून स्पोकमध्ये घुसलेला. माझ्या सायकलीच्या रंगाचं तर विचारूच नका. दुरुस्तीला भाड्याच्या तिप्पट पैसे गेले, शिवाय गोदामातून घरी आणायला टेम्पो करावा लागला. दोष मी कुणाला देत नाही. न बांधता, न गुंडाळता, न विचारता दिलेली सायकल पोत्यांच्या आणि पिंपांच्या मधे पडणारच.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. सायकल न्यायचा खर्च तीन ठिकाणी होतो. एक भाडं. दुसरा दोन्ही टोकांचा, म्हणजे घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर, टेम्पो आणि हमाली धरून. आणि तिसरा मोडतोडीचा. आपण फक्त पहिला विचारतो आणि स्वस्त-महाग ठरवतो. सायकल आपल्याबरोबर, आपल्याच गाडीत गेली आणि उतरल्यावर आपण तिच्यावर बसून घरी गेलो, तर दुसरा खर्च जवळजवळ शून्य होतो. वाटेत दहा ठिकाणी उचल-टाक होत नाही, म्हणून तिसराही कमी होतो. मग भाडं चार पैसे जास्त पडलं तरी एकूण स्वस्तच.

या कसोटीवर लांबच्या प्रवासाला पहिला नंबर रेल्वेचा लागतो.

रेल्वेत सामान पाठवायच्या दोन पद्धती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक लगेज, दुसरं पार्सल. लगेज म्हणजे तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट आहे आणि सामान त्याच गाडीच्या मालडब्यातून, म्हणजे ब्रेकव्हॅनमधून, तुमच्याबरोबर जाणार. पार्सल म्हणजे सामान एकटं जाणार, जागा मिळेल त्या गाडीने. पार्सलचा दर कमी पडू शकतो, पण ते कधी पोहोचेल याची खात्री देता येत नाही. पोहोचल्यावर ठरलेल्या वेळेत सोडवलं नाही तर जागेचं भाडं, ज्याला व्हार्फेज म्हणतात, ते सुरू होतं. म्हणून बरोबर जाणार असाल तर खिडकीवर स्पष्ट सांगायचं, "लगेज बुक करायचंय, हे माझं तिकीट."

इथे एक गैरसमज दूर करतो. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेता येतं, तृतीय श्रेणी वातानुकूलितलाही ४०, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५. मग १५ किलोची सायकल त्यातच धरा की, असं आपल्याला वाटतं. पण ही सवलत सायकल आणि स्कूटर यांना लागू नाही. सायकलीचे पैसे वेगळे भरावेच लागतात. आणि डब्यात सामान नेताना मापाचीही अट आहे. पेटी १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच, यापेक्षा मोठी चालत नाही. मोठ्या सायकलीचं नुसतं चाक टायरसकट ६५ ते ७० सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे दोन्ही चाकं काढून पिशवीत भरली तरी ती या मापात बसत नाही. काही जण तशी नेतात, बाकाखाली सरकवतात, टीसी काही म्हणत नाही. पण म्हणाला तर बुक न केलेल्या सामानाला नेहमीच्या दराच्या सहापट आकारणी होऊ शकते. स्वस्तात जायला निघालेल्या माणसाने हा जुगार खेळू नये. लहान चाकांची घडीची सायकल असेल तर गोष्ट वेगळी. वीस इंची किंवा त्याहून लहान चाकांची चांगली घडी होत असेल, तर ती पिशवीत घालून मोजून बघा. मापात बसली तर ती तुमची बॅगच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. नियमाप्रमाणे गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सामान कार्यालयात द्यावं लागतं. मी सांगेन, दोन तास आधी जा. तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स न्या. सायकलीची खरेदीची पावती असेल तर तीही जवळ ठेवा, सायकल तुमचीच का असा प्रश्न आला तर कामाला येते. फॉर्म भरा, पैसे भरा, पावती जपून ठेवा. मोटरसायकल पाठवताना पेट्रोल काढून टाकायची यातायात असते, ती आपल्याला नाही.

फॉर्ममध्ये किमतीचा एक रकाना असतो. पुष्कळ जण तो कोरा सोडतात. पण किंमत जाहीर केली नसेल तर हरवल्या-मोडल्याची रेल्वेची जबाबदारी लगेजला किलोमागे १०० रुपये एवढ्यावरच थांबते. म्हणजे तुमची सायकल १४ किलोची असेल तर १,४०० रुपये, मग ती पाच हजारांची असो की पन्नास हजारांची. सायकल महाग असेल तर किंमत लिहून त्यावरचा जादा आकार भरावा. जुनी, साधी असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. पण कोरा सोडायचा तर समजून सोडा.

गाडी निवडतानाही थोडा विचार करावा. जिथून गाडी सुटते तिथून चढवणं आणि जिथे ती संपते तिथे उतरवणं सगळ्यांत सोपं. मधल्या छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात मालडब्याचं दार उघडून सायकल काढणं कठीण. आणि वाटेत गाडी बदलायची असेल तर सायकलीसाठी पुन्हा सगळा खटाटोप. वंदे भारतसारख्या गाड्यांना तर असा मालडबाच नसतो. म्हणून थोडी हळू पण थेट गाडी बरी.

आमच्या मुलाचं नशीब असं, की कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस सुटते आणि पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला करत नागपूरवरून गोंदियाला जाते. चढवायला गाडीचं पहिलं स्टेशन, उतरवायला नागपूरसारखं मोठं जंक्शन. आणखी काय पाहिजे?

निघायच्या आदल्या रात्री आम्ही अंगणात सायकल बांधायला बसलो. मालडब्यातून न्यायची तर सायकल खोलायची गरज नसते. पण बाहेर आलेले भाग आवरायला हवेत. पहिली पायडलं. १५ नंबरचा पाना घ्यायचा. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे न कळल्यामुळे लोक जोर लावून आटे घालवतात. सोपी खूण अशी, की पाना पायडलवर उभा धरायचा आणि सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही बाजूंची पायडलं अशीच सुटतात. मग ती पिशवीत घालून आपल्याजवळ ठेवायची. हँडल सैल करून चौकटीला समांतर वळवायचं. सीट खाली दाबायची. घंटी, दिवा, बाटली, पंप असं जे जे सुटं, ते काढून बॅगेत टाकायचं. गिअरची सायकल असेल तर साखळी आतल्या मोठ्या दातऱ्यावर आणून ठेवायची, म्हणजे मागचा गिअर आत सरकतो आणि धक्का लागत नाही. त्याच्यावर पुठ्ठ्याची घडी बांधली की झालं. २०१७ साली आम्ही एवढं केलं असतं तर बराच खर्च वाचला असता.

वहिनींनी एक जुनं सुती पातळ आणून दिलं. ते फाडून पट्ट्या केल्या आणि चौकटीच्या नळ्यांना गुंडाळल्या. वरून गोणपाट, दाभण आणि सुतळी. चाकं मोकळी ठेवली, कारण सायकल ढकलत नेता आली की ती उचलून आपटायची वेळ कुणावर येत नाही. नाव, मोबाइल नंबर, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि पावतीचा नंबर लिहायला दोन पुठ्ठे बांधले, एक पुढे, एक मागे. तिसरी चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या दांड्याखालच्या नळीत टाकली. बाहेरचे पुठ्ठे फाटले तरी ती आत राहते.

सगळं मिळून खर्च सुतळीचा. गोणपाट किराणा दुकानदाराने फुकट दिलं.

रेल्वे सगळीकडे जात नाही, तेव्हा बाकीचे मार्गही बघू. माझ्या लहानपणी एसटीच्या लाल गाडीला मागे शिडी असायची आणि टपावर कॅरिअर. भाजीच्या पाट्या, कोंबड्यांच्या डालग्या आणि सायकली, सगळं वर चढायचं. तशा कॅरिअरच्या गाड्या आता कमी होत गेल्या. म्हणून आगारात जाऊन आधी विचारावं आणि सामानाचं तिकीट घ्यावं. खासगी बसच्या डिकीत सायकल चांगली बसते, पण दोन अटींवर. तिकीट काढतानाच सायकलीचे पैसे ठरवून घ्या. रात्री अकरा वाजता गाडीपाशी घासाघीस करायला गेलात तर तुमचं काही चालत नाही. आणि पुढचं चाक काढून सायकल आडवी ठेवताना साखळीची, म्हणजे उजवी बाजू वर आली पाहिजे. चाक काढल्यावर पुढच्या चिमट्याच्या दोन पायांत लाकडाचा तुकडा अडकवून बांधा, नाहीतर वजन पडून ते आत दबतात. डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या फटीत पुठ्ठा सरकवून ठेवा. चुकून ब्रेक दाबला गेला तर आतले गुटके एकमेकांना चिकटून बसतात आणि मग चाक आत जात नाही.

आठ-दहा जणांचा जथा असेल, जसे आषाढीला सायकलवरून पंढरपूरला जाणारे असतात, तर परतीला सगळ्यांनी मिळून एक छोटा हत्ती करावा. भाडं वाटून घेतलं की माणशी थोडंच येतं. मात्र दोन सायकलींच्या मधे जुनी गोधडी किंवा पुठ्ठा हवाच. आणखी एक युक्ती. आमच्याकडून माल घेऊन मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कितीतरी गाड्या परतताना रिकाम्या असतात. ओळखीचा गाडीवाला असेल तर परतीच्या फेरीत सायकल अगदी थोड्या पैशांत येते. फक्त ओळखीचा हवा, आणि सायकल आपल्या हातांनी बांधलेली हवी.

कोकणात उतरणाऱ्यांना तर समुद्राचीच वाट आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२०मध्ये सुरू झाली. तिच्यात सायकल तिकीट काढून चालतच नेता येते. पुढे किनाऱ्याने दक्षिणेला जाताना आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या ओलांडणाऱ्या बोटी आहेत. सायकल न खोलता, न बांधता मोठमोठे वळसे वाचतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मात्र बोट आहे की नाही याची चौकशी करूनच निघावं.

विमान सगळ्यांत महाग, हे खरं. पण कधी तिकीट स्वस्तात मिळतं आणि वेळ नसतो. तेव्हा सायकलच्या दुकानात जाऊन खोका मागा. नवी सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात अर्धवट जोडलेली येते आणि दुकानदाराला तो खोका टाकूनच द्यायचा असतो. तिकीट काढण्याआधी खेळाच्या साहित्याचा आकार किती, ते त्या कंपनीच्या नियमांत बघा, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. टायरमधली हवा कमी करा. आणि बॅटरीची सायकल असेल तर विमानाचा विचार सोडा. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि बहुतेक ई-सायकलींची बॅटरी त्याहून बरीच मोठी असते.

आणि श्रोतेहो, कधीकधी सायकल न नेणं हेच स्वस्त असतं, हेही सांगायला हवं. चार दिवसांसाठी कुठं जायचं असेल तर तिथे भाड्याने घ्या. सायकल नेणं परवडतं ते मुक्काम लांबचा असेल तेव्हा, किंवा ती सायकलच प्रवासाचं कारण असेल तेव्हा.

एक खंत मात्र बोलून दाखवतो. सायकल हे आपल्याकडे कामाला जाणाऱ्या, शाळेला जाणाऱ्या, पैसे मोजून वापरणाऱ्या माणसाचं वाहन आहे. त्याच्या ४० किलोंच्या सवलतीत त्याची १५ किलोंची सायकल बसत नाही. मालडब्यात सायकली अडकवायला चार आकडे असते, आणि साध्या सायकलीला एक ठरलेला, खिडकीवर लिहिलेला दर असता, तर किती मुलांच्या सायकली विकायच्या वाचल्या असत्या! हे काही फार मोठं मागणं नाही.

तर आमचा मुलगा. कोल्हापूरच्या स्टेशनवर लगेजची पावती झाली. सायकलीला जे भाडं पडलं ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "एवढंच? आणि मी इकायला निघाले हुते!" मालडबा गाडीच्या पुढे आहे की मागे, ते आम्ही आधी विचारून ठेवलं होतं. फलाटावर त्याच्यासमोर उभं राहून सायकल आत चढताना डोळ्यांनी पाहिली. ती आडवी टाकू नका, भिंतीला उभी ठेवा, असं हमालाला हात जोडून सांगितलं. गाडीचे गार्ड, ज्यांना २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्यांनाही मुलाने पावती दाखवून सांगून ठेवलं, की मी अमुक डब्यात आहे आणि नागपूरला उतरणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन वाजला. नागपूरच्या फलाटावर उतरल्या उतरल्या तो मालडब्याकडे पळाला होता. सायकल मिळाली होती. स्टेशनबाहेर बसून त्याने पायडलं लावली, हँडल सरळ केलं, वळकटी कॅरिअरला बांधली आणि रिक्षावाल्यांना नको नको म्हणत वसतिगृहापर्यंत सायकलवरच गेला. बॅगा एका सोबत्याच्या रिक्षातून गेल्या.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. जेवलास का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "अरे, हवा हाय न्हवं दोन्ही चाकांत?"